आरोग्याची नोंद : वहीकडून यंत्राकडे

(पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात झालेले व्याख्यान)

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी येण्याची रीत फार जुनी आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते आणि ती सासरच्या गावाहून माहेरच्या गावी येते. कुटुंबाच्या दृष्टीने हा आनंदाचा प्रसंग असतो. आरोग्य यंत्रणेच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत नाजूक काळ होय. तिचे वजन, तिचा रक्तदाब, तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण, तिला दिलेली धनुर्वाताची लस, हे सारे सासरच्या उपकेंद्रातील नोंदवहीत लिहिलेले असते. बाळंतपण होणार असते दुसऱ्या तालुक्यात, कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यात. माता व बाल संरक्षण कार्ड तिने बरोबर आणले असेल तर ठीक. ते घरी राहिले, हरवले किंवा पावसात भिजले, तर माहेरच्या आरोग्यसेविकेसमोर उभी राहते ती जिच्याविषयी काहीच ठाऊक नाही अशी एक गर्भवती. मागील महिन्यात रक्तदाब वाढलेला आढळला होता, ही एकच ओळ वेळेवर समजली तर एक जीव वाचू शकतो. न समजली तर दोन जीव धोक्यात येऊ शकतात.

डिजिटल आरोग्य यंत्रणेचा विचार करावयाचा तो या ओळीपासून. संगणक, मोबाईल वा इंटरनेट ही साधने आहेत. रुग्ण जेथे जाईल तेथे त्याच्या आरोग्याची खरी नोंद त्याच्यासोबत जावी, एवढेच साध्य आहे.

वहीचे बळ आणि वहीच्या मर्यादा

ग्रामीण आरोग्यसेवेची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे तीस हजार व वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे तिचे सर्वसाधारण निकष आहेत. या रचनेचा भार कित्येक दशके कागदी नोंदवह्यांनी वाहिला. वहीला वीज लागत नाही, ती संपर्काअभावी बंद पडत नाही आणि तिच्यात खाडाखोड झाली तर ती दिसते. वहीला हिणवून यंत्राचा गौरव करण्याचे कारण नाही.

परंतु वही जागची हलत नाही, ही तिची मर्यादा होय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगाम संपेपर्यंत राहतात. त्यांच्यासोबत गर्भवती असतात, तान्ही बाळे असतात, क्षयाचे औषध चालू असलेले रुग्ण असतात. गावच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि कारखान्याच्या परिसरातील वहीत त्यांचे नाव नसते. दोन्ही वह्या आपापल्या ठिकाणी बिनचूक असतात. माणूस मात्र दोहोंच्या मधल्या जागेत हरवतो.

आजवरची वाटचाल

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न एका दिवसात झालेले नाहीत. २००८ साली केंद्र शासनाने आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली सुरू केली. तीत संस्थेनुसार आकडे एकत्र होत. व्यक्तीचा मागोवा घेता येत नसे. २००९ च्या अखेरीस माता व बालकांचा नावानिशी मागोवा घेणारी प्रणाली आली. २०१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय’ आले. त्याच नोंदीच्या आधारे एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णांच्या बँक खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. नोंद नीट झाली तर हक्काचे साहाय्य नीट पोहोचते, याचे हे सोपे उदाहरण आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने या क्षेत्राला स्वतंत्र स्थान दिले. २०१९ मध्ये राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखडा तयार झाला. १५ ऑगस्ट २०२० रोजी अभियानाची घोषणा होऊन प्रारंभी सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याची चाचणी घेण्यात आली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल अभियान’ या नावाने ते देशभर लागू झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरिता १,६०० कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली.

या अभियानाची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी अनेक गैरसमज आढळतात. प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो. डॉक्टर व अन्य आरोग्य व्यावसायिकांची एक नोंदसूची आहे आणि रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा यांची दुसरी. रुग्णाचे कागदपत्र दिल्लीतील एखाद्या मोठ्या कोठारात जमा होतात, ही समजूत बरोबर नाही. नोंद जेथे निर्माण झाली तेथेच ती राहावी, आणि रुग्णाने संमती दिल्यावर, दिलेल्या मुदतीपुरती व दिलेल्या कारणापुरती, ती दुसऱ्या डॉक्टरला पाहता यावी, असे या रचनेचे तत्त्व आहे. ‘आभा’ क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाचाही उपचार नाकारता येत नाही. ही गोष्ट प्रत्येक सरपंचाने ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावी इतकी महत्त्वाची आहे.

दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची वाटचालही याच काळातील होय. ज्या प्रगत संगणन विकास केंद्राचे मुख्यालय पुण्यात आहे, त्याच्या मोहाली येथील शाखेने ‘ई-संजीवनी’ ही सेवा विकसित केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली, करोनाच्या साथीत एप्रिल २०२० पासून ती घरबसल्या रुग्णांसाठीही खुली झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. ज्या उपकेंद्रापासून तज्ज्ञ डॉक्टर एका दिवसाच्या अंतरावर असतो, तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला त्याचे मत काही मिनिटांत मिळणे, हा मोठाच बदल होय.

अडचणींचे खरे स्वरूप

असे असता अंमलबजावणीत अडथळे का येतात? त्यांचा विचार एकेक करून केला पाहिजे.

पहिली अडचण नावाची. मराठी माणसाचे नाव तीन पदांचे असते. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. काही घरांत लग्नाच्या वेळी तिचे पहिले नावही बदलण्याची प्रथा आहे. शिधापत्रिकेवर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे, ही स्थिती सर्रास आढळते. त्यात ‘सुनीता’ हे साधे नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. यंत्राच्या दृष्टीने या तीन-चार निरनिराळ्या स्त्रिया ठरतात. सासरी एक नोंद आणि माहेरी दुसरी झाली की कागदावर दोन गर्भवती दिसतात आणि त्यांपैकी एकीचे बाळंतपण कधीच होत नाही! अशा दुहेरी नोंदी शोधण्याचे काम शेवटी आरोग्यसेविकेलाच करावे लागते, कारण तिला दोन्ही नावांची स्त्री एकच आहे हे माहीत असते.

दुसरी अडचण वीज व संपर्काची. मेळघाटातील धारणी व चिखलदरा, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगाव, गडचिरोलीतील भामरागड अशा तालुक्यांत संपर्काचा भरवसा अजूनही सर्वत्र सारखा नाही. भारतनेटच्या तारेने ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत इंटरनेट नेण्याचे काम हाती घेतले. परंतु उपकेंद्र कार्यालयापासून दूर वाडीवर असेल तर शेवटचे अंतर उरतेच. म्हणून संपर्क नसतानाही नोंद घेता यावी आणि संपर्क मिळताच ती आपोआप पुढे जावी, अशी सोय असलेलीच प्रणाली ग्रामीण भागात टिकते. बिघडलेल्या टॅबची दुरुस्ती कोणी करावयाची व तोवर काम कसे चालवावयाचे, हे प्रश्न खरेदीच्या आदेशाइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांचे उत्तर लेखी स्वरूपात प्रत्येक केंद्रात असले पाहिजे.

तिसरी अडचण कामाच्या भाराची. यंत्र आले म्हणून वही गेली, असे बहुतेक ठिकाणी घडलेले नाही. वही आहेच, तिच्या जोडीला यंत्र आले. गर्भवतीची नोंद एका प्रणालीत, बाळाच्या लसीची ‘यू-विन’मध्ये, मधुमेह व रक्तदाबाच्या तपासणीची तिसऱ्या ठिकाणी, क्षयाची ‘निक्षय’मध्ये, साथरोगाची पाचव्या ठिकाणी. तेच मूल अंगणवाडीत गेले की त्याचे वजन ‘पोषण ट्रॅकर’मध्ये आणि शाळेत गेले की तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पत्रकात. एकाच बालकाचे नाव, जन्मतारीख व पत्ता अनेक हात पुनःपुन्हा लिहीत राहतात. आशा स्वयंसेविका ही कामाप्रमाणे मोबदला घेणारी गावातील स्त्री आहे. तिचा वेळ पडद्यावर आकडे भरण्यात गेला तर तो कोणाच्या तरी दारातून कमी होतो. नोंद ही सेवेची सावली आहे. सावली मोठी दिसावी म्हणून माणसाला उन्हात उभे करण्यात अर्थ नाही.

याच्याशी निगडित चौथी अडचण म्हणजे यंत्रांनी यंत्रांशी बोलण्याची. एका रुग्णालयातील संगणकाने लिहिलेला अहवाल दुसऱ्या रुग्णालयातील संगणकाला वाचता यावा यासाठी रोगांची, तपासण्यांची व औषधांची समान परिभाषा लागते. भारताने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. मानके जाहीर होणे ही पहिली पायरी होय. लहान दवाखान्यात एकटा डॉक्टर दिवसाकाठी शंभर रुग्ण तपासतो आणि चिठ्ठी हातानेच लिहितो. या कामासाठी त्याचा जो अधिक वेळ जाईल त्याचा त्याला कोणता लाभ, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर दिल्याशिवाय खाजगी क्षेत्र मनापासून सामील होणार नाही.

पाचवी अडचण खरेपणाची. २००१ मध्ये महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने, शासकीय नोंदीत दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी अधिक बालमृत्यू होतात, हे पुढे आणले. त्या वेळी वही होती, आज टॅब आहे. पण न नोंदलेला मृत्यू टॅबही दाखवीत नाही. बैठकीत कमी आकड्याबद्दल कर्मचाऱ्याला फैलावर घेतले जाते आणि वाईट बातमी सांगणाऱ्यालाच दोषी धरले जाते, तेव्हा आकडे सुधारतात, परिस्थिती सुधारत नाही. खरी नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांनी अभय देणे, हा या संपूर्ण यंत्रणेचा पाया होय. तो कोणत्याही कंपनीकडून खरेदी करता येत नाही.

विश्वासाचा प्रश्न

आरोग्याची माहिती ही माणसाची सर्वांत खाजगी मालमत्ता आहे. कुटुंबनियोजन, गर्भपात, क्षय, एचआयव्ही, मानसिक आजार यांतील एखादी नोंद नको त्या हाती पडली तर त्या व्यक्तीचे घर, नोकरी, लग्न यांवर परिणाम होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०१७ च्याच एचआयव्हीविषयक अधिनियमाने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

कायदा पुस्तकात असतो, संमती मात्र ओटीवर घेतली जाते. अनेक घरांत मोबाईल एकच असतो आणि तो पतीच्या किंवा मुलाच्या हाती असतो. पडताळणीचा अंक त्या मोबाईलवर येतो. मग संमती कोणाची? स्त्रीची, की मोबाईल ज्याच्या खिशात आहे त्याची? रांग मोठी आहे म्हणून काहीही न समजावता अंगठा घेतला, तर तांत्रिकदृष्ट्या संमती मिळते, खऱ्या अर्थाने मिळत नाही. ‘ही माहिती कोण पाहील, कशासाठी पाहील, आणि नको असेल तर नाही म्हणता येईल’, एवढी तीन वाक्ये सोप्या मराठीत, आणि जेथे गोंडी, कोरकू वा भिली बोलली जाते तेथे त्या भाषेत, सांगितली गेलीच पाहिजेत.

सुरक्षिततेचा धडा २३ नोव्हेंबर २०२२ रोजी मिळाला. त्या दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके इत्यादी कामे बरेच दिवस हाताने करावी लागली. देशातील अग्रगण्य संस्थेवर अशी वेळ येऊ शकते, तर तालुक्याच्या रुग्णालयाने गाफील राहून चालणार नाही. परवलीचा शब्द टेबलावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवू नये, एका कर्मचाऱ्याच्या नावाने दुसऱ्याने काम करू नये, नोंदींची प्रत वेगळ्या जागी राखावी आणि यंत्र बंद पडल्यास कागदावर काम चालविण्याचा सराव असावा. या साध्या शिस्तीला खर्च फारसा नाही.

दोन अनुभव

करोना लसीकरणाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. ‘को-विन’ प्रणालीने १६ जानेवारी २०२१ पासून देशभरातील लसीकरणाची नोंद ठेवली आणि कोट्यवधी नागरिकांना प्रमाणपत्रे दिली. हे यश वादातीत होय. परंतु १ मे २०२१ रोजी अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लसीकरण खुले झाले तेव्हा आगाऊ ऑनलाईन नोंदणी सक्तीची होती आणि संकेतस्थळाची भाषा इंग्रजी होती. ज्याच्याजवळ चांगला मोबाईल व वेगवान इंटरनेट त्याला वेळ मिळे. ज्याच्या गावात केंद्र होते त्याला कित्येकदा मिळत नसे. २४ मे रोजी शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा देण्यात आली, मेअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीकडे लक्ष वेधले आणि जूनमध्ये मराठीसह अन्य भारतीय भाषांची सोय झाली. यावरून एक नियम सिद्ध होतो : यंत्राचा दरवाजा अवश्य उघडावा, पण त्यासाठी जुना दरवाजा बंद करू नये.

दुसरा अनुभव इंग्लंडचा. तेथे २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाचा अतिभव्य कार्यक्रम सुरू झाला. पैसा होता, तंत्रज्ञ होते, मोठ्या कंपन्या होत्या. तरीही सप्टेंबर २०११ मध्ये तो मोडीत काढण्याची घोषणा तेथील शासनाला करावी लागली. निर्णय वरून घेतले गेले आणि ज्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी ती प्रणाली रोज वापरावयाची होती त्यांचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही, हे त्या अपयशाचे एक प्रमुख कारण मानले जाते. श्रीमंत देशाला जे परवडले नाही ते आपल्याला कसे परवडेल?

गावाने करावयाचे काम

या सर्वांत पंचायत व शाळा यांचे स्थान कोणते? ते दुय्यम नाही.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असते. उपकेंद्रात वीज अखंड आहे काय, ग्रामपंचायतीपर्यंत आलेले इंटरनेट उपकेंद्रापर्यंत नेता येईल काय, टॅब किती दिवसांपासून बंद आहे, हे प्रश्न तिच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर येऊ शकतात व आले पाहिजेत. गावातील जन्म व मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत होते किंवा नाही, याकडे ग्रामसेवक व सदस्य यांनी लक्ष दिले तर आरोग्याच्या नोंदींना पडताळणीचा आधार मिळतो. हंगामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची यादी त्यांच्या प्रस्थानापूर्वी आरोग्यसेविकेच्या हाती पडणे, ही पंचायतीने सहज करावयाची गोष्ट आहे. गाडी गावाबाहेर पडल्यावर केलेली यादी फारशी उपयोगाची नसते.

शिक्षकांचे काम याहून मूलभूत आहे. पटावर नाव लिहिताना ते जन्मदाखल्याप्रमाणे, तिन्ही पदांनिशी व एकाच वर्णलेखनात लिहिले गेले, तर त्या मुलाच्या पुढील आयुष्यातील कित्येक घोटाळे तेथेच टळतात. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना पडताळणीचा अंक कोणाला सांगू नये, संमती म्हणजे काय, आपले कागद कसे जपावेत, हे शिकविले तर तेच ज्ञान संध्याकाळी त्यांच्या आई-आजीपर्यंत पोहोचते. घरातील स्त्रीला स्वतःची नोंद स्वतः वाचता येणे, यासारखे दुसरे संरक्षण नाही.

अधिकाऱ्यांसाठी एकच सूचना पुरेशी आहे. नवीन ॲप लागू करण्यापूर्वी त्यामुळे कोणती वही बंद होणार, हे आदेशातच नमूद करावे. ज्या नव्या नोंदीमुळे एकही जुनी नोंद थांबत नाही, तिची गरज पुन्हा एकदा तपासून पाहावी. आणि दर महिन्याला गोळा होणाऱ्या आकड्यांतून त्या गावाला काही परत मिळते काय, हे पाहावे. गावाचे आकडे गावालाच दाखविले, या वर्षी आपल्या गावात किती बाळे कमी वजनाची जन्मली, किती जणांचा रक्तदाब अद्याप तपासलेला नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखविले, तर नोंद हे सरकारी काम न राहता गावाचे काम होते.

वहीकडून यंत्राकडे जाण्याचा हा प्रवास थांबणार नाही आणि थांबूही नये. मात्र तो किती यंत्रे वाटली, किती क्रमांक काढले यावरून मोजला जाऊ नये. वाडीवरच्या रुग्णाला आपली व्यथा नव्या डॉक्टरसमोर पहिल्यापासून सांगावी लागली नाही, त्याची एकही तपासणी विनाकारण दुसऱ्यांदा झाली नाही आणि त्याची गुपिते सुरक्षित राहिली, तर ही यंत्रणा यशस्वी झाली असे खुशाल म्हणावे.